पोकळ रणगाडा

संगणकावरील खेळात एखाद्या रणगाड्याचा रंग उडाला, किंवा त्याची चाके जमिनीपासून वीतभर वर तरंगू लागली, तर ती काही राष्ट्रावरील आपत्ती नव्हे, हे मलाही कळते. शाळेच्या वार्षिक अंकाची पाने या विषयाने अडवावीत याचे कित्येक वाचकांना नवल वाटेल. परंतु यंदा आमच्या शिक्षकदालनात परीक्षेवरून वा गणवेशावरून झाला नाही इतका वाद या तरंगणाऱ्या गाडीवरून झाला. त्या वादात मी एका बाजूस होते आणि अजूनही आहे. ती बाजू स्वच्छ शब्दांत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या नववीच्या वर्गात एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याला ते रुचणार नाही. इतिहासाचा तास संपला की हा मुलगा दप्तर आवरण्यास मुद्दाम वेळ लावतो, आणि सारे गेले की हळूच काहीतरी विचारतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तो एक छापून आणलेले चित्र घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धावरील एका व्यूहखेळातील ते दृश्य होते. इटलीतल्या एका खेड्याचा रस्ता, दुतर्फा पडकी घरे, आणि मधोमध अमेरिकन बनावटीचा शर्मन रणगाडा. रणगाड्याचा अर्धा भाग भडक गुलाबी झालेला, तोफेचा फिरता घुमट धडापासून सुटून मागे हवेत लोंबकळत असलेला, आणि डाव्या कुशीचे दोन पत्रे मुळीच नसलेले.

"बाई, बघा याची काय अवस्था झाली आहे," तो म्हणाला.

अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून जे वाक्य सहज बाहेर पडते, तेच माझ्याही तोंडून पडले. सहामाहीतील गुणांची मी त्याला आठवण करून दिली. त्याने ती मुकाट्याने ऐकून घेतली आणि मग म्हणाला, "पण बाई, हा आत रिकामा आहे."

मी पुन्हा पाहिले. गेलेल्या पत्र्यांच्या जागेतून रणगाड्याच्या पोटात डोकावता येत होते. तेथे इंजिन नव्हते, बैठक नव्हती, तोफगोळे नव्हते, माणूस तर नव्हताच. पलीकडचा रस्ता मात्र स्पष्ट दिसत होता.

हा दोष कसा उद्भवतो, हे मी त्याच्याकडून व नंतर आमच्या संगणक शिकविणाऱ्या सहकाऱ्यांकडून समजून घेतले. इतिहासाच्या बाईंना जेवढे उमजले तेवढेच सांगते. पडद्यावर दिसणारे वाहन म्हणजे लहान लहान त्रिकोणांची जोडून केलेली एक पातळ साल असते. प्रत्येक त्रिकोणास एक दर्शनी बाजू असते आणि एक पाठ. त्रिकोणाचे तीन बिंदू कोणत्या क्रमाने नोंदविले आहेत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने की उलट, यावरून दर्शनी बाजू कोणती हे संगणक ठरवितो, आणि श्रम वाचावेत म्हणून पाठ रंगवीतच नाही. हा क्रम कोठे उलटा नोंदला गेला, की तेवढा पत्रा बाहेरून अदृश्य होतो. घुमट सुटून लोंबकळतो त्याचे कारण आणखी साधे आहे. तो ज्या बिंदूभोवती फिरावयाचा तो बिंदू चुकीच्या जागी मांडलेला असतो. दोन पत्रे अगदी एकाच पातळीवर आले तर पुढचा कोणता हे संगणकास ठरविता येत नाही, आणि त्या जागी रंग सारखे लुकलुकत राहतात. भूमितीच्या तासाला "बाई, याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

गुलाबी रंगाची कथा मला सर्वांत आवडली. सालीवर चढवावयाचे चित्र, ज्यास ही मंडळी टेक्स्चर म्हणतात, ते सापडले नाही किंवा ते रंगविण्याची क्रिया फसली, तर काही यंत्रणा त्या जागी मुद्दाम भडक गुलाबी रंग भरतात. काही यंत्रणांत जांभळ्या-काळ्या चौकटी उमटतात. मातकट हिरवा रंग भरणे काही अवघड नव्हते. तो भरला असता तर खेळणाऱ्यास काही कळलेही नसते. पण चूक लपू नये, करणाऱ्याच्या डोळ्यांत ती सलावी, म्हणून हा बटबटीत रंग योजिला आहे. आपल्या प्रगतिपुस्तकांतील लाल शाईचीच ही भावंडे म्हणावयाची.

संगणकावरील रणगाडा मुळापासूनच पोकळ आहे. १९८० साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'बॅटलझोन' नावाचा खेळ काढला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचे रणगाडे, रेषांचेच डोंगर, आणि आडोशास काही घन व सूच्या. रंग भरण्याची सोयच नसल्यामुळे सारे काही तारांच्या पिंजऱ्यासारखे दिसे. तरीही तो भास एवढा परिणामकारक ठरला, की अमेरिकन सैन्याने आपल्या ब्रॅडली या वाहनावरील तोफचींच्या शिक्षणासाठी त्या खेळाची एक वेगळी आवृत्ती करवून घेतली. त्या रेषांच्या रणगाड्यात माणसे नाहीत म्हणून कोणी खंत केली नसेल, कारण तो रणगाडा आपण खरा असल्याचा आव आणीत नव्हता. आजचे चित्र तो आव आणते. पत्र्यावरचा गंज, पट्ट्यात अडकलेला चिखल, मागे टांगलेली पाण्याची डबडी, सारे जेथल्या तेथे असते. चित्र जितके सुबक, तितका आत कोणी नाही याचा विसर अधिक.

आणि खऱ्या शर्मनमध्ये कोण असे? पाच जण असत: नायक, तोफची, तोफ भरणारा, चालक आणि त्याचा सोबती. युद्धकाळात असे सुमारे ४९,००० रणगाडे बांधले गेले. सुमारे तीस टनांचे ते धूड पेटले, की या पाच जणांना बाहेर पडण्यास हाती क्षण असत, मिनिटे नव्हेत. कित्येक व्यूहखेळांत इंधन हे केवळ रणगाडा मिळविण्याचे मोल असते. एकदा मिळाला की तो दिवसभर धावला तरी थेंबभर तेल मागत नाही. तो जळाला तर मैदानात काळा सांगाडा उरतो. पाच जणांचे काय झाले, हा प्रश्न खेळणाऱ्यास पडत नाही, आणि तो पडू नये अशीच खेळाची रचना असते. गुलाबी डागाविषयी मुले तक्रार करतात. या गोष्टीविषयी कोणी करीत नाही.

ही हकीकत मी शिक्षकदालनात सांगितली आणि तेथे दोन पक्ष पडले. आमच्यातील एक वडीलधारे गुरुजी म्हणाले, "युद्ध हा खेळ नव्हे. हे खेळ घरातून हद्दपार केले पाहिजेत." त्यांच्या बोलण्यात कळकळ होती आणि बरेचसे सत्यही होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून सकाळी वर्गात पेंगणारी मुले मीही पाहते. दुसरा पक्ष संगणकवाल्यांचा. त्यांच्या मते यातून मुलास उद्या नोकरी मिळेल, तेव्हा त्यास उत्तेजन द्यावे. मला दोन्ही मते अपुरी वाटली. पहिल्याने मुलाच्या हातातील चित्र पाहिलेच नव्हते. दुसऱ्याने पाहिले होते, पण त्यातला गुलाबी डागच तेवढा पाहिला.

माझे म्हणणे असे, की जी गोष्ट आपण खरी असल्याचे सांगते ती तशी नाही, हे पाहून ज्या मुलाला झोप लागत नाही, त्याच्या हाती इतिहासाच्या अभ्यासाची पहिली किल्ली आपोआप आली आहे. ती हिसकावून घेऊन आपण त्याला सनावळ्या पाठ करावयास लावतो. अस्सल आणि बनावट ओळखण्याची ही नजर त्या महायुद्धातही फार मोलाची होती. १९४४ साली अमेरिकन सैन्यात सुमारे अकराशे लोकांचे एक गुप्त पथक होते. त्यात चित्रकार होते, शिल्पी होते, ध्वनियोजक होते. त्यांचे काम रबरी शर्मन फुगवून मैदानात मांडावयाचे आणि शत्रूची दिशाभूल करावयाची. या फुगवलेल्या रणगाड्यांतही दोष उद्भवत. हवेचा दाब उतरला की तोफेची नळी वाळल्या काकडीसारखी खाली मान घाली, आणि पहाटे उठून तिच्यात पुन्हा हवा भरावी लागे. शिवाय रबरी रणगाडा मातीत चाकोरी उमटवीत नाही. ती नसेल तर विमानातून टिपलेले छायाचित्र सारे बिंग फोडील, म्हणून बुलडोझर फिरवून खोट्या चाकोऱ्या पाडीत. तेव्हा शत्रूच्या छायाचित्रांवर भिंग धरून बसणारा तज्ज्ञ आणि आमचा नववीतला विद्यार्थी यांच्या प्रश्नात फारसे अंतर नाही: गाडी आहे, मग तिची खूण जमिनीवर का नाही?

या मुलाची गोष्ट येथे संपली असती तर मी लेखणी उचलली नसती. डिसेंबरात तो पुन्हा आला, आणि या वेळी त्याच्या हातात घरच्या भिंतीवरून काढून आणलेली चौकट होती. तसबिरीत गणवेशातील तीन तरुण, त्यांच्या मागे एका बुटक्या लोखंडी गाडीचा तुकडा. मधला तरुण म्हणजे त्याचे पणजोबा. ते मराठा पलटणीत होते आणि इटलीत लढले, एवढे घरात सर्वांना ठाऊक. त्यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नव्हते. ते वारले तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता.

बेळगावातील वाचकांस मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिचे केंद्र आपल्याच गावात आहे आणि कॅम्पातून जाता-येता तिच्या जवानांची कवायत आपण पाहतो. पण इटलीचे नाव काढले की आपण गप्प होतो. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. चौथी, आठवी व दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या आणि पाच हजारांहून अधिक भारतीय तेथील मातीत कायमचे राहिले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सारी तुकडी पडली, तेव्हा ते एकटे मशिनगनच्या मोर्च्यावर धावून गेले व तेथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांतून पलीकडे पोहोचविले, आणि मग परत फिरून शत्रूचे तीन मोर्चे बंद पाडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावी घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारण्यात आली. हे सारे मी दरवर्षी वर्गात किती वेळात सांगते? खरे सांगावयाचे तर सांगतच नाही. दुसरे महायुद्ध मी दोन तासांत संपविते आणि त्यात इटली म्हणजे फक्त मुसोलिनी.

मुलाने तसबिरीतील गाडी ओळखली होती. तिचे नाव युनिव्हर्सल कॅरिअर. सैन्यात सर्रास ब्रेन कॅरिअर म्हणत. या गाड्या एक लाखाहून अधिक बांधल्या गेल्या. वजन सुमारे चार टन, दोन्ही अंगांस रणगाड्यासारखे पट्टे, पोटात फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि माथा पूर्ण उघडा. पायदळाच्या पलटणीत अशा गाड्यांची एक स्वतंत्र तुकडी असे. तो खेळत असे त्या खेळात मराठा पलटणही नव्हती आणि ही गाडीही नव्हती. मात्र खेळणाऱ्यास स्वतःची भर घालता येईल अशी सोय होती. त्याने ठरविले, की पणजोबांची गाडी आपण स्वतः घडवावयाची. ब्लेंडर नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे. तीवर तो रविवारी आपल्या काकांच्या घरी बसू लागला.

मग सारे दोष एकामागून एक त्याच्या स्वतःच्या अंगणात उतरले. शर्मनचा सांगाडा उसना घेऊन त्यावर त्याने नवे पत्रे चढविले, तेव्हा पट्टे ओढणारे दातेरी चाक पुढच्या टोकास आले. शर्मनचे तेथेच असते, कॅरिअरचे मात्र मागे. ते दुरुस्त केले तर पट्टे उलटे फिरू लागले. गाडी पुढे जाई आणि पट्टे मागे जात. वळणे हा तर एक अध्यायच झाला. हलक्या वळणास ही गाडी पट्टा थांबवीत नाही. पुढची चाके किंचित बाजूस सरकवून पट्टाच धनुष्यासारखा वाकविते. त्याने वाकविला, तर त्याची प्रत्येक कडी फाटून हवेत काटे उभे राहिले. तीन आठवडे तो एवढ्या एका गोष्टीवर होता. मराठीचा निबंध त्या काळात त्याने दिला नाही, हेही नोंदवून ठेवते.

खरी अडचण पुढेच होती. शर्मन बंद असतो, म्हणून पोकळ राहूनही तो खपून जातो. कॅरिअरचा माथा उघडा. वरून पाहणाऱ्यास थेट पोट दिसते, आणि व्यूहखेळात तर सारे वरूनच पाहावयाचे. बाहेरच्या पत्र्यांची पाठ संगणक रंगवीत नाही, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा आतले पत्रे वेगळे करावे लागले. मग बैठकी, मग मधोमध बसणारी इंजिनाची पेटी, मग सुकाणूचे चक्र. आणि एवढे सारे मांडून झाल्यावर ती रिकामी गाडी रस्त्यावरून आपोआप धावू लागली, तेव्हा, त्याच्याच शब्दांत, "भुताटकी वाटली, बाई." माणसे बसविणे भाग झाले. माणसे म्हणजे कोण? तीन जणांची ती गाडी आणि तसबिरीत तीन जण. मधले पणजोबा. पण उरलेल्या दोघांची नावे काय? कोण कोठे बसे? हे प्रश्न घेऊन तो प्रथम आजोबांकडे गेला, मग शेजारच्या एका निवृत्त सुभेदारांकडे, मग माझ्याकडे. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याने पणजोबांना पुढे डावीकडे, ब्रेनगनच्या मागे बसविले, आणि बाकीच्या दोघांना खेळातलेच कोणतेतरी तयार चेहरे दिले. ते चेहरे त्याला पसंत नव्हते.

जानेवारीत शाळेचे वार्षिक प्रदर्शन भरले, आणि वाद पुन्हा पेटला. गाडी चढावर गेली की अजूनही वीतभर तरंगत होती. मागे बसलेल्या सैनिकाचे पाय पत्र्यातून खाली निघत. आमच्या मुख्याध्यापकांचे मत पडले, की सदोष वस्तू शाळेच्या नावाने मांडू नये. पुढच्या वर्षी पूर्ण करून आणावी. वडीलधाऱ्या गुरुजींचा मूळ आक्षेप तर कायमच होता. मी आग्रह धरला, की ती आहे तशी मांडावी, आणि शेजारी एका कागदावर राहिलेल्या चुका मुलाच्याच अक्षरात लिहून लावाव्यात. आपल्या प्रदर्शनांत ज्वालामुखी दरवर्षी बिनचूक पेटतो. तो बहुधा वडिलांनी केलेला असतो. या एका टेबलावरील प्रत्येक चूक मुलाच्या मालकीची होती, आणि ती चूक आहे हे त्याला ठाऊक होते. शाळेने दाखवावयाचे ते हेच, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. अखेर कोपऱ्यातील एक टेबल मिळाले. कागदावर अकरा चुका होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे आजोबा आले. पंचाहत्तरीचे गृहस्थ, डोक्याला काळी टोपी. आपल्या नातवाने काय केले आहे याची त्यांना फारशी कल्पना असावी असे दिसले नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिले. गाडी खेड्याच्या रस्त्यावरून येत होती, वळत होती, चढावर तरंगत होती. पायांकडे, तरंगण्याकडे त्यांचे लक्षच गेले नाही.

"हे आमचे बाबा का?" त्यांनी पुढे डावीकडे बोट ठेवले.

नातवाने मान डोलावली.

"येथे नव्हे रे. बाबा गाडी चालवीत. घरी परत आल्यावर पुढे ट्रकवर होते ना ते. उजव्या हाताचा अंगठा त्या गाडीचे हँडल मारताना मोडला होता, तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला. त्यांना उजवीकडे बसव."

मुलगा काही बोलला नाही. बंदुकीमागून पणजोबांना उठविणे त्याला जड गेले असावे, असे मला त्याच्या तोंडाकडे पाहून वाटले. मग त्याने खिशातून पेन काढले आणि कागदावर बारावी चूक लिहिली.

परवा तो मला सांगत होता, की पणजोबा आता सुकाणूवर आहेत, पण हात चक्रातून आरपार जातो. आणि अंगठा वाकडा करावयाचा तर हाताचे सारे त्रिकोण नव्याने मांडावे लागतील. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. मी त्याला काय सांगितले, ते वडीलधाऱ्या गुरुजींनी विचारू नये.